आधी रात्रीचा ब्रश : दात-हिरड्यांच्या सवयी नव्याने लावून घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे दात घासणं हे सकाळचं काम. उठायचं, मोरीत जायचं, ब्रश तोंडात फिरवायचा, खळखळून चूळ भरायची आणि चहाला मोकळं व्हायचं. "तोंड धुतल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही" असं अभिमानाने सांगणारी माणसं रात्री मात्र जेवण झालं की वर एखादा पेढा टाकतात आणि थेट अंथरुणाला पाठ टेकतात. सांगलीत दातांचा दवाखाना चालवताना हे रोज ऐकतो. खुर्चीत बसलेल्या दहातल्या बऱ्याच जणांच्या किडीचं मूळ या उलट्या क्रमात असतं, असं माझं मत झालं आहे.

ज्यांनी आजवर हे फारसं मनावर घेतलं नाही आणि आता घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नुकतीच एखादी दाढ भरून घेतली असेल, हिरडीतून रक्त बघून घाबरला असाल, किंवा घरात पहिलं मूल आलं असेल. एक विनंती आहे, सगळं एका दमात करू नका. सोमवारी नवा ब्रश, दोरा, माउथवॉश, मिठाच्या गुळण्या आणि साखर बंद असा धडाका लावणारा माणूस शनिवारी पुन्हा जुन्या वळणावर आलेला असतो. एक सवय अंगवळणी पडू द्या, मग दुसरीला हात घाला.

पहिला आठवडा : फक्त रात्र

या आठवड्यात सकाळचं जसं चाललंय तसं चालू द्या. फक्त रात्री झोपण्याआधी दात घासायचे. बाकी काही नाही.

रात्रच का, ते समजून घ्या म्हणजे कंटाळा आला तरी हात आपोआप ब्रशकडे जाईल. संध्याकाळी जिभेने दातांची मागची बाजू चाचपून बघा. बुळबुळीत थर लागेल. तो जंतूंचा थर. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर हे जंतू जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातातलं कॅल्शियम विरघळतं. दिवसा लाळ हे आम्ल धुऊन टाकते आणि गेलेलं थोडंफार कॅल्शियम दाताला परतही देते. झोपेत लाळ अगदी कमी होते. म्हणजे तोंडात अन्न ठेवून झोपलात तर जंतूंना रात्रभर मोकळं रान मिळतं.

ब्रश केल्यानंतर साध्या पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. साखर घातलेलं हळदीचं दूध घेत असाल तर ते ब्रशच्या आधी घ्या.

विसरायला होतं, हे सगळेच सांगतात. त्याला उपाय म्हणजे रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला ब्रश बांधून टाकायचा. दाराला कडी लावली की ब्रश. मोबाइल चार्जिंगला लावला की ब्रश. बीपीची गोळी घेतली की ब्रश. गोळ्यांच्या डब्याशेजारी ब्रश ठेवणाऱ्यांची सवय सगळ्यात पक्की बसते, असा माझा अनुभव आहे. मोरी अंगणात असेल आणि थंडीत बाहेर जायचा आळस येत असेल, तर घरातच एक पेला आणि एक भांडं घेऊन बसा. दात बेसिनपाशीच घासले पाहिजेत असं कुठे लिहिलंय? मालिका बघत घासले तरी दातांना चालतं. उलट दोन मिनिटं सहज होतात.

आपल्या भागात अनेकांची रात्र घड्याळाप्रमाणे नसते. शेतीपंपाला वीज रात्रीची आली की पाणी पाजायला शिवारात जावं लागतं. गळीत हंगामात कारखान्यावर पाळ्या असतात, ऊसवाहतुकीचे ड्रायव्हर ट्रॅक्टरवरच डुलक्या घेतात. त्यांनी "रात्र" याचा अर्थ सगळ्यात लांब झोपेच्या आधी, असा घ्यावा. सकाळी आठला घरी येऊन झोपणार असाल तर तुमचा रात्रीचा ब्रश सकाळी आठचा.

एखादी रात्र चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी जोर लावून दुप्पट घासू नका, हिरड्या सोलवटतील.

ब्रश आणि पेस्ट

यात फार डोकं घालवण्यासारखं काही नाही. ब्रश मऊ केसांचा आणि लहान तोंडाचा. दुकानदार "मीडियम" देतो, "हार्ड" देतो. तुम्ही "सॉफ्ट" मागून घ्या. केस फाकले की किंवा तीन-चार महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदला. महिन्याभरात ब्रश फाकत असेल तर दोष ब्रशचा नाही, तुमच्या हाताच्या जोराचा.

पेस्ट कुठलीही चालेल, पण तिच्यात फ्लोराइड हवं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या पेस्टवर साधारण 1000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, असा आकडा दिसतो. किडीपासून दात राखण्याचं खरं काम हे फ्लोराइड करतं. पुदिना, मीठ, कोळसा, लवंग ही सगळी चव आणि जाहिरात. राखुंडी, लाल मंजन, विटकरीची पूड, कोळशाची काळी पावडर यांनी दात पांढरे वाटतात, कारण ते घासले जातात. वर्षानुवर्षं बोटाने मंजन चोळलेल्या माणसाच्या दातांवर हिरडीजवळ खाच पडलेली दिसते, आणि थंड पाणी लागलं की तिथूनच सळक उठते.

कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीबद्दल हमखास विचारतात. काडी वाईट नाही. नीट चावून तिचा मऊ कुंचा केला आणि हळू हात ठेवला तर दात बऱ्यापैकी साफ होतात. पण काडी दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नसतं. सकाळी शेतात काडी, रात्री घरी ब्रश-पेस्ट, अशी वाटणी करायला माझी हरकत नाही.

दुसरा आठवडा : हात कसा फिरवायचा

हा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बहुतेक लोक ब्रश आडवा धरून करवत चालवल्यागत पुढे-मागे घासतात. त्याने दाताचा फुगीर भाग लखलखतो आणि जिथे थर साचतो ती कड, म्हणजे दात आणि हिरडी मिळतात ती रेघ, तशीच राहते. आरशासमोर उभे राहा. ब्रशचे केस त्या रेघेवर तिरके टेकवा, निम्मे दातावर आणि निम्मे हिरडीच्या काठावर. वरच्या दातांसाठी केसांचं तोंड वर, खालच्यांसाठी खाली. आता जागच्या जागी अगदी छोटे हेलकावे द्या, केस जेमतेम थरथरतील एवढेच. दहा-बारा हेलकावे झाले की ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. मग पुढचे दोन-तीन दात.

पकड पेन धरल्यासारखी ठेवा, मुठीत आवळू नका. मूठ आवळली की जोर आलाच.

क्रम ठरवून टाका, नाहीतर रोज तेच कोपरे सुटतात. मी सांगतो तो क्रम असा: वरच्या उजव्या शेवटच्या दाढेपासून बाहेरून डावीकडे, तिथून आतल्या बाजूने परत उजवीकडे, मग खाली तसंच, शेवटी दाढांचा चावायचा पृष्ठभाग. एकूण दोन मिनिटं. पहिल्यांदा मोबाइलवर वेळ लावून घासा. दोन मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं.

दोन जागा हमखास सुटतात. एक, खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू. जिभेखालून लाळ तिथेच झरते आणि लाळेतल्या क्षारांमुळे थर लवकर टणक होतो; म्हणून किटण सगळ्यात आधी तिथे दिसतं. तिथे ब्रश उभा धरा आणि त्याच्या टोकाने एकेक दात वर-खाली घासा. दुसरी जागा वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू. लोक तिथे पोचायला तोंड मोठं उघडतात आणि गाल ताणून आणखी अडचण करून घेतात. तोंड अर्धं मिटा, खालचा जबडा त्याच बाजूला थोडा सरकवा. गालापाशी जागा होते आणि ब्रश आरामात आत जातो. ही एवढीशी युक्ती दाखवली की लोक म्हणतात, "आयला, एवढं सोपं होतं व्हय!"

शेवटी फेस थुंका, पण खळखळून चुळा भरू नका. हे आपल्या वळणाच्या विरुद्ध आहे, ठाऊक आहे. दोन तांबे पाणी ओतल्याशिवाय आपल्याला तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. पण दातांवर राहिलेलं फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जातं. फारच चिकट वाटलं तर एक छोटा घोट पाणी घेऊन थुंका. जिभेवरून मऊ ब्रश किंवा जीभ साफ करायची पट्टी हलकेच फिरवा. सकाळी मोरीत मोठमोठ्याने खाकरून उलट्या काढण्याची गरज नाही, शेजाऱ्यांनाही झोप असते.

रक्त आलं तर

नीट घासायला लागलं की पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याच जणांना फेसात गुलाबी रंग दिसतो. इथेच माणसं माघार घेतात. "डॉक्टर, रगत यायला लागलं म्हणून घासायचंच सोडून दिलं बघा," असं सांगणारे काका-मावशी आठवड्याला भेटतात. मी त्यांना विचारतो, "रक्त थांबलं का मग?" उत्तर येतं, "न्हाई ओ, आता भाकरी चावली तरी येतंय."

सुदृढ हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. येतंय याचा अर्थ तिथे थर साचून हिरडी सुजली आहे. थर निघाला की सूज उतरते. त्यामुळे जिथून रक्त येतं तिथेच, हळुवार पण न चुकता घासा. आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तिथे किटण आहे असं समजा, ते ब्रशने निघत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी "माझ्या हिरडीतून रक्त येत नाही" यावर खूश होऊ नये. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा दबतो आणि आजार आतल्या आत वाढत राहतो.

मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. पंचेचाळिशीत धडधाकट दात हलायला लागले म्हणून आलेल्या माणसाला मी आधी रक्तातली साखर तपासायला पाठवतो. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. "पोटुशी आहे, आता दातांना हात लावायचा नाही" हा समज सोडून द्या. दात साफ करणं, कीड भरणं हे गरोदरपणात करता येतं, मधले तीन महिने त्याला सगळ्यात सोयीचे. उलट्या होत असतील तर लगेच ब्रश करू नका. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

तिसरा आठवडा : दातांच्या फटी

दोन दातांच्या मधे ब्रशचा केस जात नाही. मेडिकलमध्ये दातांसाठीचा दोरा, म्हणजे फ्लॉस मिळतो. साधारण हातभर लांब घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, दोन दातांच्या मधे हळूच सरकवा. खाडकन आपटू नका. मग एका दाताला वळसा घालून वर-खाली करा, नंतर शेजारच्याला. फटी मोठ्या झाल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशची छोटी आवृत्ती मिळते, ती जास्त सोपी. रोज रात्री जमलं तर उत्तमच, पण सुरुवातीला फक्त पुढच्या सहा दातांवर हात बसवा.

टाचणी, सेफ्टीपिन, ब्लाउजचा हुक, काडेपेटीतली काडी यांनी दात कोरणं बंद. मटणाचा धागा दरवेळी एकाच जागी अडकत असेल तर त्या दाढेत कीड आहे किंवा फट पडली आहे. कोरत बसण्यापेक्षा दाखवा.

चौथा आठवडा : किती खाल्लं यापेक्षा किती वेळा

गोड कमी खा, असं मी सांगणार नाही. साताऱ्याला जाऊन कंदी पेढा खायचा नाही हे कोणाला जमणार? दातांच्या दृष्टीने प्रश्न वेळांचा आहे. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातावर आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास, कधी जास्तही लागतो. जेवणाला जोडून चार पेढे खाल्ले तर हल्ला एक. तेच चार पेढे दिवसभरात चार वेळा खाल्ले तर हल्ले चार.

आता आपल्या चहाकडे बघा. उठल्यावर, न्याहारीला, दुकान उघडल्यावर, गिऱ्हाईक आलं म्हणून, पाहुणे आले म्हणून, चारला, दिवेलागणीला. प्रत्येक कप गोडमिट्ट. दात दिवसभर आम्लातून बाहेरच येत नाहीत. या आठवड्यात एक कागद घ्या आणि पाण्याशिवाय काहीही तोंडात गेलं की एक रेघ ओढा. रेघा मोजल्यावर सल्ला द्यावा लागत नाही, माणूस स्वतःच म्हणतो, "दोन चहा कमी करतो." न्याहारीचा आणि संध्याकाळचा चहा साखरेचा ठेवा. मधले बिनसाखरेचे घ्या, नाहीतर "आत्ताच झाला" म्हणायला शिका. ते जास्त अवघड आहे, मान्य.

गुळाचा चहा पिणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. गूळ कराडचा असो, कोल्हापूरचा असो, दातावरच्या जंतूंना तो साखरेइतकाच मानवतो.

चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी, टोस्ट यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि तिथेच राहतो. लहान मुलांच्या दाढा किडण्यात त्याचा वाटा चॉकलेटपेक्षा कमी नाही. भडंगाचंही तसंच, फक्त त्यात साखर कमी. तासगावचे बेदाणे मूठभर घेऊन दिवसभर एकेक तोंडात टाकत बसण्यापेक्षा जेवणानंतर एकदम खा आणि पाणी प्या. ऊस दाताने सोलून खाणं ही तरण्या दातांची ऐट. पण भरलेला दात, कॅप बसवलेला दात किंवा रूट कॅनॉल झालेली दाढ असेल तर सुरीने सोलून, गंडेऱ्या करून खा. चिंच, आवळा, लिंबू-सरबत यांनी दात आंबले की लगेच ब्रश फिरवू नका. आम्लाने मऊ झालेला वरचा थर ब्रशने खरवडला जातो. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा. शेंगदाणे, काकडी, गाजर, ताक, पनीर ही मधल्या वेळेला चांगली खाणी.

मिश्री, मावा आणि तंबाखू

यावर लिहिल्याशिवाय आपल्या भागातला दातांचा लेख पुरा होत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, पत्र्याच्या डबीत भरायची. मग सकाळी चुलीपुढे बसून बोटाने हिरड्यांना चोळायची. आजीने लावली म्हणून आईने, आईने लावली म्हणून लेकीने. त्या सगळ्या हे दात घासणंच समजतात. "लावल्याशिवाय पोट साफ होत न्हाई" हे तर ठरलेलं वाक्य. त्यामागे तलफ असते, पोटाचा काही संबंध नाही. मिश्रीत तंबाखूच आहे आणि तंबाखूची सवय लागते. बोट जिथे रोज फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच.

रागावून, डबी फेकून देऊन मिश्री सुटत नाही. ती शेजारणीकडून येते. सुनेने सासूला बोलणं तर अवघडच. मी असं सुचवतो: सकाळच्या मिश्रीला आत्ता हात लावू नका. आधी दुपारची आणि जेवणानंतरची सोडा, त्या जागी बडीशेप किंवा लवंग. आठवड्याभराने सकाळची उशिरा ढकला. आधी ब्रश, चहा, अंगणझाड आणि मग वाटलंच तर मिश्री. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात हाताला काम हवं. मावा आणि मळलेली तंबाखू खाणाऱ्या पुरुषांनाही हाच मार्ग. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, पण टपरीवर मावा घोटून मिळतोच आणि त्यातली सुपारी तोंडाच्या आतली कातडी कडक करते. तंबाखू सोडवण्यासाठी 1800-11-2356 ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. एकट्याने झगडण्यापेक्षा तिथे बोलून बघा.

यांपैकी काहीही खात असाल तर महिन्यातून एकदा उजेडात आरशापुढे तोंड तपासा. गालाच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, साधी भाजीही तिखट झोंबणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नका. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मधे घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडत चाललं आहे. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका, सुरुवातीला ते दुखत नाहीच.

लहान मुलं

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, त्या दिवसापासून घासणं सुरू. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी पेस्ट कोणालाच लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासायचे. मुलाला समोर उभं करून झटापट करू नका. त्याचं डोकं मांडीवर घ्या आणि वरून बघत घासा. सगळे दात दिसतात आणि मुलाची मानही स्थिर राहते. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवायचं नाही. पुढचे वरचे चार दात काळे पडलेली पोरं बहुतेक बाटलीवाली असतात.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच" हे खरं, पण शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. आणि साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे एक नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता. आई-बापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, आणि पहिलीत जाणाऱ्या पोराच्या तोंडात सगळ्यात आधी किडते तीच. ती आली की दाखवून घ्या. तिच्या खोल खाचा कीड लागण्याआधी बुजवता येतात, सुई लागत नाही. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, ते दातही बघतं. तिथून चिठ्ठी मिळाली तर दप्तरात कुजवू नका.

कवळी

घरातल्या आजी-आजोबांची कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. हातधुण्याच्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवा, उकळतं पाणी नको, ती वाकडी होते. धुताना खाली बादलीत पाणी ठेवा. फरशीवर पडून तुटलेल्या कवळ्या मी पुष्कळ जोडल्या आहेत. सगळे दात गेले तरी हिरड्या आणि जीभ रोज ओल्या फडक्याने पुसायच्या.

दवाखान्यात कधी आणि कुठे

वर्षातून एकदा, हिरड्या खराब असतील किंवा मधुमेह असेल तर सहा महिन्यांनी. दुखायची वाट बघू नका. कीड लहान असते तेव्हा दुखत नाही आणि भरायला स्वस्त पडते. ठणका मारायला लागला की रूट कॅनॉल आणि कॅप, म्हणजे खर्च कैक पटीने.

"दात साफ केले की हलतात" ही भीती मात्र खोडून काढलीच पाहिजे. कृष्णेच्या काठाची माती पुराने खचली की झाडाची मुळं उघडी पडतात, तसं किटणाने हिरडी आणि हाड खचवलेलं असतं. तो दात किटणाच्या आधारावर कसाबसा उभा असतो. किटण काढलं की हलणं कळतं, फटी दिसतात, थोडे दिवस थंड लागतं. हाडाचं नुकसान आधीच झालेलं असतं. आणखी होऊ नये म्हणून किटण काढायचं.

पैशाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयात जा. मी स्वतः खाजगी दवाखाना चालवतो, तरी सांगतो. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, तासगाव रस्त्याला कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं आहे. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च सहसा बाहेरपेक्षा बराच कमी येतो. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात आणि सांगलीच्या सिव्हिललाही दात दाखवता येतात. जाताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, विशेषतः रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या. उपाशीपोटी जाऊ नका.

आणि रात्री-अपरात्री काही झालं तर

दाढ ठणकली तर कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या, कापसाच्या बोळ्यावर लवंग तेलाचा एक थेंब. वेदनेची गोळी गिळायची असते. हिरडीवर ठेवली की तिथली कातडी भाजते, अशा पांढऱ्या जखमा घेऊन लोक येतात. तंबाखूची चिमूट दाबून ठेवणं हा तर उपायच नव्हे. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका, गार पाण्याचा कपडा ठेवा. सुजेबरोबर ताप, गिळायला त्रास किंवा तोंड उघडेनासं झालं तर सकाळची वाट न बघता मोठा दवाखाना गाठा.

तालमीत, कबड्डीच्या मैदानावर किंवा गाडीवरून पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू-पुसू नका. माती असेल तर दुधातून किंवा स्वच्छ पाण्यातून क्षणभर बुडवून काढा आणि जमलं तर त्याच खाचेत बसवून रुमाल चावून धरा. नाहीच जमलं तर कपभर थंड दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत, फार तर तासाभरात, दातांच्या डॉक्टरकडे पोचा. असे दात पुन्हा रुजतात. कागदात गुंडाळून खिशात आणलेला कोरडा दात मात्र सहसा टिकत नाही. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा.